सोळा नावांचं रान: तोडीचा सौदा होण्याआधी जंगलमालकांना काय शिकवायचं

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात डोंगरावर जे रान दिसतं, त्यातलं बहुतेक खाजगी मालकीचं आहे. सरकारी वनजमीन इथे थोडी. त्यामुळे कोकणातलं जंगल टिकणार की नाही, हे वनखात्याच्या कार्य आयोजनेपेक्षा घरोघरच्या निर्णयांवर ठरतं. आणि तो निर्णय बऱ्याचदा ठेकेदार अंगणात येऊन बसल्यावर, रान न मोजता, उक्त्या रकमेवर होतो. जंगलमालकांचं शिक्षण म्हणजे या एका बैठकीची तयारी, असं मानून पुढचं प्रकरण मांडलं आहे.

हे नमुना प्रकरण आहे. मालक, जमीन आणि तिच्यावरच्या मोजणीचे आकडे शिकवण्यासाठी बांधलेले आहेत. झाडांच्या जाती, मोजणीची रीत, कायदे आणि तोडीची चाल मात्र कोकणात आहे तशीच घेतली आहे.

परिस्थिती

संगमेश्वर तालुक्यातला एक डोंगरउतार. १२ एकर, म्हणजे ४.८६ हेक्टर. खाली भातखाचरं, वर जांभ्याचा कातळ, मधून २२० मीटर लांबीचा पऱ्या, म्हणजे ओढा. तो जानेवारीपर्यंत वाहतो. रानात ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ, आसाणा, अंजनी, कुंभा. पऱ्याच्या काठाने बेहडा, आंबा, सातवीण, उंबर. १५ वर्षांपूर्वी साफ तोड झाली होती, म्हणून आज उभं आहे त्यातलं बरंचसं जुन्या खुंटांवरचे फुटवे आहेत. मोठी झाडं पऱ्याकडेला उरली, कारण तिथून ओंडका वर काढणं परवडलं नव्हतं.

सातबाऱ्यावर १६ नावं. चार घरं गावात, बाकीची मुंबई, ठाणे, पुण्यात. दिवाळीनंतर ठेकेदाराने सगळ्या रानाचे उक्ते ३ लाख ६० हजार सांगितले. परवानगी, तोड, वाहतूक त्याच्याकडे; अट एकच, मेअखेर रान मोकळं हवं. भावकीत तीन मतं: काहींना पैसे आत्ता हवेत, दोघांना तोड अजिबात नको, आणि बाकीच्यांनी ते रान गेल्या दहा वर्षांत पाहिलेलंच नाही.

अशा गावात नेहमीचा कार्यक्रम काय होतो? ग्रामपंचायतीच्या सभागृहात तासाभराचं भाषण, पडद्यावर वणव्याची छायाचित्रं, शेवटी रोपवाटप. ऐकायला येतात ते गावातले, आणि सही करतात ते शहरातले. शिवाय १२ एकरांत हजारो जिवंत खुंट असताना दोनशे रोपं वाटून काय साधतं? जंगल तिथे खुंटांतून आपणच उभं राहतं. प्रश्न ते कसं तोडलं जातं याचा आहे.

म्हणून इथे शिकवणी वर्षभरात विभागली आणि माणसं गावी कधी असतात त्याला जुळवून घेतली. नोव्हेंबरात कागद, डिसेंबरात मोजणी, जानेवारीत खुणा आणि तोडीचं प्रात्यक्षिक, शिमग्याला निर्णय, गणपतीत फुटव्यांची पाहणी. ठेकेदाराच्या मेअखेरच्या अटीला पहिलं उत्तर हेच: सौदा एक हंगाम पुढे. फुटवा रान एका वर्षात कुठे जात नाही, उलट थोडं वाढतंच.

कागद

पहिल्या बैठकीत झाडांचं नावही काढायचं नाही. सातबारा उघडायचा आणि इतर हक्कांचा रकाना वाचायचा. तिथे ‘खाजगी वन’ किंवा तत्सम नोंद असेल तर प्रकरण वेगळ्याच वाटेने जातं. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू आहे आणि त्याखालच्या नोंदी आजही अनेक सातबाऱ्यांवर निघतात. अशी नोंद दिसली की वनखात्याकडून तिचा अर्थ लेखी घेतल्याशिवाय पुढे एक पाऊलही टाकू नये. आपलं गाव पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेत आहे का, तेही याच वेळी तपासावं.

नोंद नसेल तर महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ समोर येतो. त्याच्या अनुसूचीतल्या झाडांना मालकाच्या जमिनीवरही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ऐन, किंजळ, साग, हिरडा, जांभूळ, आंबा, फणस हे सगळे त्या यादीत आहेत. म्हणजे या रानातली मुख्य झाडं यादीतलीच. लाकूड हलवायला वाहतूक पास वेगळा. ठेकेदार ‘सगळं मी बघतो’ म्हणतो तेव्हा अर्ज मालकांच्याच नावाने जातो आणि जबाबदारीही त्यांच्याच नावावर राहते, हे सोळाही जणांना कळलं पाहिजे. कोऱ्या संमतीपत्रावर सही नको. संमतीपत्रात गट क्रमांक, क्षेत्र, झाडांची संख्या आणि मुदत लिहिलेली हवी.

मग फळ्यावर एक भागाकार. ३,६०,००० भागिले १६ म्हणजे नावामागे २२,५००. ही १५ वर्षांची वाढ, म्हणजे वर्षाला १,५०० रुपये. प्रत्यक्षात हिस्से सारखे नसतात, कुणाच्या वाट्याला चार आणे तर कुणाच्या अर्धा आणा, पण आकड्याचा अंदाज येतो. तोड हवी म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघंही या आकड्याशी थबकतात आणि रानात नेमकं आहे काय, हा प्रश्न त्यांच्याच तोंडून येतो. मोजणी शिकवायची ती हा प्रश्न आल्यावर. त्याआधी शिकवली तर कुणी टेप धरत नाही.

मोजणी

लागणारं सामान: ८.९२ मीटरवर गाठ मारलेली न ताणणारी दोरी, शिंप्याचा टेप, खडू, वही, होकायंत्र किंवा फोनवरचा नकाशा. ८.९२ मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे २५० चौरस मीटर. असे १० नमुने घेतले की पाव हेक्टर होतं, म्हणून मोजलेल्या झाडांना चारने गुणलं की हेक्टरी संख्या मिळते. १२ एकरांत हे सुमारे ५ टक्के क्षेत्र.

नमुन्यांच्या जागा घरी नकाशावर, ७० मीटरच्या चौकटीवर ठरवायच्या. रानात जाऊन ठरवल्या तर पाय आपोआप पायवाटेकडे वळतात, आणि पायवाटेकडेची झाडं सरपणाच्या फाट्यांसाठी आधीच विरळ झालेली असतात. चौकटीचा बिंदू करवंदीच्या जाळीत आला तर जाळीतच शिरायचं.

उतारावर दोरी जमिनीलगत धरली तर वर्तुळ लहान पडतं. २० अंशांच्या उतारावर वर-खाली दिशेने दोरी ९.४९ मीटर हवी, ३० अंशांवर १०.३०. आडव्या दिशेने ८.९२ च राहते. हे विसरलं तर चढावरच्या प्रत्येक नमुन्यात झाडं कमी भरतात आणि मालक स्वतःच आपलं रान स्वस्त ठरवतो.

घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा. त्या उंचीची काठी तोडून बरोबर ठेवली की वाद मिटतो. उतारावर झाडाच्या वरच्या अंगाला उभं राहून घ्यायचा. टेप तिरका गेला की घेर वाढतो, वेल मध्ये आली तरी वाढतो. १.३७ मीटरच्या खाली खोड दुभंगलं असेल तर दोन झाडं, वर असेल तर एक. एका खुंटावरचे फुटवे प्रत्येकी वेगळे मोजायचे, पण खुंटाचा क्रमांक एकच ठेवायचा, कारण पुढे विरळणीला तोच लागतो. वर्तुळाच्या कडेवरच्या झाडाच्या बुंध्याचा मध्य आत असेल तर ते आत. ३० सेंटिमीटरहून कमी घेराची झाडं झाड म्हणून धरायची नाहीत. त्यांची फक्त टिपणी.

कोण मोजतं याचाही फरक पडतो. फाटी, कवळ (हिरव्या डहाळ्या) आणि पातेऱ्यासाठी (वाळका पाला) रोज रानात जाणाऱ्या बायकांना कुठला खुंट फुटतो, कुठला कुजला, कुठल्या ढोलीत धनेश बसतो हे नेमकं ठाऊक असतं. सातबाऱ्यावर त्यांची नावं बऱ्याचदा नसतात, म्हणून बैठकीला बोलावणं त्यांना जात नाही. मोजणीच्या प्रत्येक गटात त्यांच्यातली एक जण असलीच पाहिजे. ती नसेल तर झाडांची नावं चुकतात आणि ढोल्या सुटतात.

या रानाच्या वहीत दहा नमुन्यांत मिळून २०६ झाडं भरली. हेक्टरी हिशेब असा:

३० ते ६० सेंमी घेर: ६७२ झाडं, सरासरी घेर ४२
६० ते ९०: ११६ झाडं, सरासरी ७२
९० ते १२०: २४ झाडं, सरासरी १००
१२० च्या वर: १२ झाडं, सरासरी १५०

घेराचा मीटरमधला वर्ग भागिले १२.५७ म्हणजे त्या उंचीवरचं खोडाचं छेदक्षेत्र. सगळ्या झाडांची बेरीज हेक्टरी १८.३ चौरस मीटर होते. इथे एक चूक हमखास होते: प्रत्येक झाडाचा घेर लिहिण्याऐवजी वर्गाचा मध्य, ४५, ७५, १०५ असा धरला जातो. तसं केलं तर बेरीज २०.३ येते, दहा टक्क्यांहून जास्त फुगते, कारण फुटवा रानात प्रत्येक वर्गात बारीक झाडांचीच गर्दी असते.

हेक्टरी ८२४ झाडांपैकी ६० सेंमीच्या वरची फक्त १५२, म्हणजे १८ टक्के. पण छेदक्षेत्रातला त्यांचा वाटा ४८ टक्के आहे. निम्मं रान दर पाच-सहा झाडांमागच्या एका झाडात उभं आहे. उक्त्या सौद्यात ही झाडं जळाऊ लाकडाच्या भावात जातात, आणि ठेकेदार रानात फिरताना नजर ठेवतो ती यांच्यावरच.

उंचीसाठी काठीची रीत पुरते. हात लांब करून, डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर तेवढीच काठी मुठीच्या वर उभी धरायची आणि झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत काठीत मावेपर्यंत मागे जायचं. झाडापर्यंतचं अंतर हीच उंची. उतारावर मागे जाताना झाडाच्या पातळीतच, आडवं जायचं. इथे सरासरी १० मीटर आली. छेदक्षेत्र गुणिले उंची गुणिले ०.५ (खोड वर निमुळतं होतं म्हणून) केलं की हेक्टरी सुमारे ९१ घनमीटर, १२ एकरांत ४४४. ठेकेदाराचा भाव मग घनमीटरला ८११ रुपये निघतो.

हा आकडा किती भरवशाचा? नमुन्या-नमुन्यांत ३५ टक्क्यांचा चढउतार असेल तर दहा नमुन्यांवरून काढलेली सरासरी २५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकते. म्हणजे रान ३३० पासून ५५५ घनमीटरपर्यंत कुठेही. सौद्याला बसायला एवढं पुरतं, उक्ती रक्कम ठरवायला पुरत नाही. वजनावर विकायचं ते यासाठीच.

लाकूड घनमीटरवर विकलं गेलं तर आणखी एक गोष्ट पाहावी. घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग गुणिले लांबी, ही बाजारातली मोजणी ओंडक्याच्या खऱ्या घनफळाहून २१.५ टक्के कमी आकडा देते. ७५ सेंमी घेराचा, ४ मीटर लांबीचा ओंडका तिच्याने ०.१४१ भरतो, खरा आहे ०.१७९. रीत प्रचलित आहे, तिच्यात फसवणूक नाही. पण वर काढलेले ४४४ घनमीटर खऱ्या मापाचे आहेत. दोन मापं एकाच वाटाघाटीत मिसळली तर मालकाचा पाचवा हिस्सा कागदावरच नाहीसा होतो.

कुठे तोडायचंच नाही

पऱ्याच्या दोन्ही अंगांना १५-१५ मीटर पट्टा राखायचा. २२० मीटर लांबीला तो ०.६६ हेक्टर, १.६ एकर होतो. १२० सेंमीच्या वरची जी तीन झाडं नमुन्यांत सापडली ती तिन्ही याच पट्ट्यातल्या एका वर्तुळात होती. ‘हेक्टरी १२’ ही सरासरी म्हणून वाचावी, सगळ्या रानात तेवढी झाडं आहेत असं धरू नये. वरचा ३० अंशांहून तीव्र उतार आणखी १.४ एकर. तिथली माती जांभ्यावर वीतभर असते आणि मोकळी केली की पहिल्या दोन पावसांत खालच्या खाचरात येते. राहिलं ९ एकर.

पऱ्याकडेचे जुने बेहडे हा या पट्ट्याचा जीव. त्यांच्या ढोल्यांत धनेश घर करतो, आणि मादी स्वतःला आत लिंपून घेते तो काळ साधारण फेब्रुवारी ते मे, म्हणजे नेमका ठेकेदारांच्या तोडीचा हंगाम. पोकळ बेहड्याच्या लाकडाला फारसा भाव नाही. तो पडतो तो रान ‘साफ’ देण्याच्या अटीपायी. त्याच्या फळाला मात्र औषधी बाजार आहे. पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने संगमेश्वर पट्ट्यात जंगलमालकांशी संवर्धनाचे करार केले आहेत, आणि उत्तर सह्याद्रीतल्या हिरडा-बेहड्याच्या फळांना फेअरवाइल्ड (रानातून जपून गोळा केलेल्या मालाचं) प्रमाणपत्रही मिळालं आहे. मुद्दाम हे सांगावं, कारण ‘राखलं तर मिळणार काय’ या प्रश्नाला काहीतरी हातात धरता येण्यासारखं उत्तर लागतं.

कूप

उरलेले ९ एकर दीड-दीड एकराच्या सहा कूपांत, म्हणजे पाळीपाळीने तोडायच्या तुकड्यांत, वाटायचे आणि दर तीन वर्षांनी एक तोडायचा. फेरा १८ वर्षांचा. पहिल्या फेरीत सहावा कूप येईल तेव्हा तिथल्या फुटव्यांचं वय ३० असेल, आणि आज ४२ सेंमी घेराची असलेली बरीच झाडं तोवर वाशांच्या आणि कापीव लाकडाच्या मापात गेली असतील. कूपांच्या सीमा नकाशावरच्या सरळ रेषांनी आखू नयेत. पायवाट, गडगा, कातळाची कड अशा न हलणाऱ्या खुणा धराव्यात, नाहीतर तिसऱ्या कूपाला कुणालाच दुसऱ्याची हद्द आठवत नाही.

कूपातही साफ तोड नाही. ९० सेंमीच्या वरची सगळी, ६० ते ९० मधली निम्मी, आणि खुंटावर न आलेली, बियांपासून वाढलेली सरळ रोपटी राखायची. हेक्टरी दीडशेच्या आसपास झाडं उरतात, साधारण आठ मीटरवर एक. याहून जास्त राखलं तर खालचे फुटवे सावलीत लांबट आणि किरटे वाढतात. निसर्गप्रेमापोटी जास्त राखून मग ‘फुटवाच येत नाही’ अशी तक्रार होते. कमी राखलं तर ऊन थेट जमिनीवर उतरतं आणि दुसऱ्या वर्षी रानमोडी हे तण डोक्याएवढं होतं. बियांची रोपटी वगळू नयेत: खुंट दर तोडीला म्हातारा होतो, काही मरतात, आणि त्यांची जागा घ्यायला हीच असतात.

राखायच्या झाडांवर तेलरंगाचे दोन पट्टे मारायचे. एक छातीएवढ्या उंचीवर, दुसरा बुंध्याशी, जमिनीपासून बोटभर वर. वरचा पट्टा तोडणाऱ्यासाठी. खालचा नंतरच्या पाहणीसाठी: राखीव झाड तोडलं गेलं तर वरचा पट्टा ओंडक्याबरोबर ट्रकमध्ये जातो, खालचा खुंटावर राहतो. चुना वापरू नये, एका अवकाळी सरीत धुऊन जातो.

पैशांची बाजू इथे लपवू नये. दीड एकराच्या कूपातून, राखलेलं सोडून, सुमारे ३० घनमीटर निघेल. ठेकेदाराच्याच ८११ च्या भावाने ते २४ हजार, नावामागे १,५००. एकदम २२,५०० च्या शेजारी हे ठेवलं की पैसे हवे असलेले हिस्सेदार उठून जाऊ पाहतात, आणि त्यांची अडचण खरी असते. ‘पर्यावरणासाठी थांबा’ हे त्यांना सांगायला आपण कोण? त्यांच्यासमोर ठेवता येतं ते एवढंच: उक्त्याऐवजी वजनावर आणि प्रतवार विकलं तर भाव ८११ वर अडकत नाही, पुढच्या कूपांत जाड माल वाढत जातो, आणि ज्याला नड आहे त्याचा या फेरीचा हिस्सा इतर हिस्सेदारांनी आगाऊ देऊन विकत घ्यावा, फक्त लाकडाचा, जमिनीचा नव्हे, आणि लेखी. भावकीतली तोड बऱ्याचदा एकाच घराच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी होते. त्या एका घराची सोय झाली तर बारा एकर वाचतात.

दुसरी अडचण: दीड एकरासाठी ट्रक आणि टोळी आणायला ठेकेदार नाखूष असतो. त्यावर उपाय शेजारचा. लागून असलेल्या तीन-चार रानमालकांनी कूपांचं वर्ष एकच धरलं तर फेरीला चार-पाच एकर माल होतो आणि ट्रक येतो. म्हणून शिकवणी एका सातबाऱ्यापुरती न ठेवता त्या डोंगराच्या सगळ्या मालकांना मोजणीपासूनच बोलवावं.

खुंट

जानेवारीतलं प्रात्यक्षिक एका गुंठ्यावर. परवानगी हातात नसताना अनुसूचीतल्या जातींना हात लावायचा नाही; नाणा, आसाणा, कुंभा पुरतात, तेही वनपालाला आधी विचारून. बघायच्या गोष्टी थोड्या, पण पुढची पंधरा वर्षं त्यांवर अवलंबून असतात.

काप जमिनीपासून १० ते १५ सेंमीवर, गुळगुळीत आणि एका अंगाला उतरता, म्हणजे पाणी साचत नाही. गुडघ्याएवढा खुंट ठेवला तर फुटवे वरून निघतात आणि जड झाले की वाऱ्याने खुंटापासून फाटतात. खालून, मातीलगत फुटलेला फुटवा स्वतःची मुळं धरतो. वूडकटर वापरला तर झाड पडताना साल उभी सोलली जाते, म्हणून आधी पडण्याच्या बाजूला खाच, मग मागून काप, आणि मध्ये बिजागरीसारखी पट्टी शाबूत. तोडणाऱ्याशिवाय कुणीही झाडाच्या दुप्पट उंचीच्या आत उभं राहायचं नाही. सोललेल्या सालीचा खुंट पहिल्या पावसात बुरशी धरतो.

काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा झाडाचा साठा मुळांत असतो आणि तो फुटव्यांना मिळतो. नवी पालवी आल्यावर, मेमध्ये, तोडलं तर साठा पानांत खर्च झालेला असतो. फुटवे उशिरा आणि अशक्त येतात आणि पाऊस त्यांना गाठतो. ठेकेदाराची मेअखेरची मुदत ट्रकच्या सोयीची आहे, खुंटाच्या नव्हे. करारात तोडीची शेवटची तारीख २८ फेब्रुवारी लिहावी आणि वाहतुकीला मेपर्यंत मुभा द्यावी; दोघांचंही भागतं.

डहाळ्यांचे ढीग खुंटावर किंवा राखलेल्या झाडाच्या बुंध्याशी रचू नयेत. वणवा आला की आग तिथेच रेंगाळते आणि खुंट भाजून मरतो. उताराला आडव्या ओळींत पसरले तर माती अडते. कूपाच्या भोवती जाळरेषा (वणवा अडवणारी मोकळी पट्टी) तीन मीटर, डिसेंबर-जानेवारीत गवत कापून आणि पातेरा ओढून. माल काढायचा रस्ता उताराला सरळ वर नेला की पावसाळ्यात तो ओहोळ होतो. आडवा, हळूहळू चढता न्यावा आणि पऱ्या ओलांडू नये.

करार आणि शिमगा

करार एका पानाचा पुरतो, पण ही कलमं हवीत: कूपाची हद्द नकाशासह, राखीव झाडांची संख्या आणि प्रत्येक तुटलेल्या राखीव झाडामागे ठरलेली भरपाई, खुंटाची उंची, तोडीची आणि वाहतुकीची शेवटची तारीख, भाव टनावर, जळाऊ आणि जाड मालाचा वेगळा, वजनकाटा कुठला, आणि पावती मालकांच्या प्रतिनिधीच्या हातात. पैसे दर ट्रक सुटण्याआधी. ताज्या लाकडात वजनाचा तिसऱ्या भागापासून निम्म्यापर्यंत वाटा पाण्याचा असतो, म्हणून तोडीनंतर किती दिवसांत वजन करायचं तेही लिहावं. महिनाभर उन्हात पडलेला माल मालकाला हलका पडतो.

शिमग्याला पालखीच्या दुसऱ्या दिवशी, माणसं परतायच्या आत, बैठक. त्यात भाषण नाही. आधी सगळ्यांनी रानात जाऊन एक नमुना स्वतः मोजायचा. शहरातल्या हिस्सेदाराने हातात टेप धरून दहा झाडं मोजली की त्याचे प्रश्न बदलतात, मग वही समोर ठेवता येते. पर्याय तीन: सगळं उक्तं, काहीच नाही, कूप. ‘काहीच नाही’ हा मान्य पर्याय म्हणून प्रामाणिकपणे मांडावा. पुढच्या पंधरा वर्षांत हे रान आपोआप जाड होतं आणि ज्यांना पैशांची नड नाही त्यांच्यासाठी तो कदाचित सगळ्यांत चांगला आहे. मात्र मग जाळरेषेचा वार्षिक खर्च कोण उचलणार हे त्याच बैठकीत ठरावं. न तोडलेलं पण न राखलेलं रान वणव्यात जातं.

निर्णय काहीही होवो, ठरावावर सोळाही सह्या हव्यात. गैरहजर हिस्सेदाराची संमती फोनवर ‘धरून’ चालत नाही. पुढच्या वादात तीच सही नसलेली निघते.

गणपतीत काय पाहायचं

गुंठ्यातले सगळे खुंट एकेक करून पाहायचे आणि तीन गटांत लिहायचे: फुटलेले, न फुटलेले, गुरांनी खाल्लेले. दहातले सात जोमाने फुटले असतील तर पद्धत बरोबर. न फुटलेले बहुतेक जाड आणि जुने असतील तर दोष वयाचा; तिथे रोपटी राखायला हवी होती. बारीक खुंटही न फुटलेले असतील तर काप तपासावा: साल सुटलेली असते किंवा पाणी साचलेलं. खाल्लेले जास्त असतील तर पहिली दोन वर्षं कूपात गुरं बंद, आणि यावर गावात बोलणं कूप तोडण्याआधी व्हायला हवं. रानमोडी याच वेळी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, जमीन ओली असताना मुळासकट उपटायची. डिसेंबरात ती फुलते आणि मग बी वाऱ्यावर जातं.

फुटव्यांची पहिली विरळणी दुसऱ्या वर्षी, खुंटामागे दोन-तीन ठेवून. ठेवायचे ते मातीलगत निघालेले, एकमेकांपासून लांब, सरळ. दुसरी चौथ्या-पाचव्या वर्षी, एक किंवा दोन ठेवून. पहिल्याच वर्षी एकावर आणलं तर तो एकटा वाऱ्याला मोडतो आणि खुंट पुन्हा झुडूप होतो. काढलेले फुटवे फाट्यांना आणि मांडवाच्या काठ्यांना जातात, त्यामुळे हे काम गावातली चार घरं मजुरीशिवाय करायला तयार होतात. त्याबदल्यात तो माल त्यांचा, हेही शिमग्याच्या ठरावातच लिहून ठेवावं.